बारवेतले मासे

धोंडीतात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते छातीइतक्या पाण्यात उभे होते आणि त्यांच्या दातांत तुळशीची माळ होती. पारनेरहून आलेली एस. टी. मला फाट्यावर टाकून धुरळा उडवत निघून गेली होती. ट्रंक खांद्यावर मारून मी मत्स्यबीज केंद्राच्या बांधावर येऊन पोचलो होतो आणि पाण्यातल्या या गृहस्थाला विचारत होतो, "अहो, ऑफिस कुठे आहे?" ते जाळं ओढता ओढता नुसते "हूं, हूं" करत आणि भुवईने कुठेतरी दाखवत. मला वाटलं, मुका दिसतोय बिचारा. मग मीही हातवारे करून विचारायला लागलो. जाळं काठाला लागल्यावर ते बाहेर आले, हात स्वच्छ धुतले, दातांतली माळ सोडून गळ्यावर नीट बसवली आणि म्हणाले, "राम कृष्ण हरी. तुमीच का ते कोकनातलं नवं सायेब? मग हात कशापायी हलवताय? बोलता येत न्हाई व्हय?"

पिंपळदऱ्याच्या त्या केंद्रावर मी पर्यवेक्षक म्हणून आलो होतो आणि तात्या तिथले राखणदार होते. माणूस पक्का माळकरी. मासमच्छी सात जन्मांत शिवलेली नाही. गळ्यातली माळ एकदा घातली की काढायची नाही, आणि माशाच्या बुळबुळीत अंगाला ती लागूही द्यायची नाही, असा त्यांचा नेम. मग जाळं ओढायला पाण्यात उतरायचं कसं? तात्यांनी माळ जरा लांब ओवून घेतली होती आणि पाण्यात पाय टाकण्याआधी ते ती दातांत धरत. त्यामुळे जाळं ओढताना आमच्यात जे काही बोलणं होई ते एकतर्फी. मी बांधावरून ओरडायचो, ते हूं हूं करायचे, आणि बाहेर आल्यावर सगळ्या ओरडण्याचं सव्याज उत्तर द्यायचे.

माळकरी माणूस मासे राखायला कसा आला, हा प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात विचारला. उत्तर साधं होतं. गावाच्या वर पाझर तलाव बांधला तेव्हा तात्यांची जमीन त्याच्या पोटात गेली. तलावाच्या भिंतीखाली केंद्राची तळी खोदली गेली आणि जमीन गेलेल्यांपैकी एकाला नोकरी द्यायची ठरली. बाकीच्यांनी माशांचं नाव ऐकून नाक मुरडलं. तात्या तयार झाले. "माजी बाजरी हुती थितं आता तुमची रोहू चरती," ते म्हणायचे. "राखन करायची ती करायची. बाजरीला पाखरं, हिला बगळे."

"पण तात्या, हे मासे शेवटी लोक खाणारच ना?"

"त्यांचं त्यांनी बगावं. पाळनारा येगळा, मारनारा येगळा."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. केंद्राचं कामही त्यांच्या सोयीचंच होतं म्हणा. आम्ही मासे विकायचो नाही. आम्ही पिल्लं वाढवायचो, बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणायचं, आणि ती हंड्यांत घालून ठिकठिकाणच्या तळ्यांना पाठवायची. हंड्या ट्रकमध्ये चढल्या की तात्या लेक सासरी निघाल्यासारखे रस्त्यापर्यंत जायचे, ड्रायव्हरला हजार सूचना द्यायचे आणि ट्रक वळणाआड गेला की हात जोडायचे. त्यांच्या लेखी बोटुकली तिकडे राहायला जात होती. पुढचा विचार ते करत नसत, आणि मी मुद्दाम करून दाखवला तर "सायेब, पेंड भिजत टाकायची हाय," म्हणून उठून जात.

मी मालवणकडचा. आईने पाठवलेला सुक्या बांगड्यांचा डबा मी खोलीत चार कागदांत गुंडाळून ठेवत असे. तात्या खोलीच्या दाराशी आले की नाकाला उपरणं लावून काळजीनं विचारत, "सायेब, घरला समदी बरी हायेत न्हवं?" मी चिडून म्हणे, "तुमची ही तळ्यातली रोहू म्हणजे चिखल चावल्यासारखी लागते, खरा मासा समुद्राचा." यावर त्यांचं म्हणणं असं की ज्या पाण्याला बांध नाही, त्यातल्या माशाला कोणाचं वळण असणार? त्यांच्या माशांना मात्र वळण होतं, हे मला कबूल करावं लागे. सकाळी पेंड आणि कोंड्याचे गोळे घेऊन ते काठावर बसत, तळव्याने पाण्यावर थापट्या मारत आणि "या, या, या" म्हणत. पाणी खळबळून उठे. मग रागावणं सुरू व्हायचं. "कटल्या, तू माग हो. रोज तूच फुडं. ती बारकी काय उपाशी मरतील?" मासे जेवल्याशिवाय ते स्वतः भाकरीला हात लावत नसत. त्यांच्या पत्नी, आमच्या गोदामावशी, भाकरी गार झाली म्हणून वैतागत आणि नवऱ्याला आंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ फिरकू देत नसत.

गावात सखाराम नावाचा एक तरुण भोई होता. जात मासे धरणाऱ्याची, पण धरायला पाणी कुठलं, म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर बायकापोरांना घेऊन तो ऊसतोडीला जायचा. त्याच्या दोन्ही पोरांनी शाळेचं तोंड अर्धं वर्षही धड पाहिलं नव्हतं. तात्यांनी त्याच्या मागे टुमणंच लावलं. "कोयता ठिव अन् जाळं घे. गावतळं पडीक हाय, त्यात मासं पाळ. बी सायेब देत्याल." मी दिलं. खरं सांगायचं तर तात्यांनीच दिलं, निवडून निवडून, माझ्या कपाळावरच्या आठ्यांकडे दुर्लक्ष करून. सखारामाने ते तळं लेकरासारखं जपलं. पहिल्या वर्षी तो तोडीला गेला नाही. दुसऱ्या वर्षीही गेला नाही. थोरला पोरगा तिसरीत बसला आणि तात्यांनी सगळ्या गावाला पेढे वाटल्याच्या थाटात गूळ वाटला. सखारामाचे मासे आता हातभर झाले होते. होळीच्या सुमारास ते काढायचे, ते विकले गेले की कोयता कायमचा आढ्याला टांगायचा, असं ठरलं होतं.

पण पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली. पाझर तलावाचा तळ दिसायला लागला, आमच्या तळ्यांना मिळणारं पाणी हाताच्या करंगळीएवढं झालं. उरलेल्या पाण्यात मासे दाटीवाटीने राहू लागले, आणि थंडी पडली तसा रोग आला.

आधी एका तळ्यातले वीतभर मासे पेंडीला येईनासे झाले. काठाला कलंडून, तोंड वर करून श्वास घेत राहायचे. मी एक उचलून पाहिला. पोट फुगलेलं, खवले उभे राहिलेले, बाजूला लाल चट्टा, आणि शेपटीची कड वाळवी लागल्यासारखी खाल्लेली. दुसऱ्याच्या पाठीवर तर जखम झाली होती, आत मांस दिसत होतं. मला ते पुस्तकात वाचून माहीत होतं. हा जिवाणूंचा रोग. पाणी कमी, गर्दी जास्त, तळाशी कुजका गाळ, असं झालं की माशाची ताकद जाते आणि एरवी पाण्यात गुपचूप असणारे जिवाणू अंगात शिरतात. एकाचा दुसऱ्याला, पाण्यातून, जाळ्यातून, बादलीतून, कशातूनही लागतो. पुस्तकात वाचताना घाबरायला होत नाही. हातात तो मासा धरल्यावर मी तडक नगरच्या साहेबांना कळवायला धावलो.

नगरहून साहेब आले, त्यांनीही तेच सांगितलं. पाण्यात चुना टाकायचा, विहिरीत टाकतात ते लाल औषध टाकायचं, जाळी आणि भांडी त्या औषधात बुडवून उन्हात वाळवायची. केंद्रातून मासा किंवा पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चट्टा पडलेला प्रत्येक मासा रोजच्या रोज वेगळा काढून खड्ड्यात चुन्याबरोबर पुरायचा. हे काम मी तात्यांना दिलं. दुसरं कोण होतं?

"जित्ता असला तरी?" तात्यांनी विचारलं.

"जिवंत असला तरी. तो जगणार नाही, आणि असेपर्यंत दुसऱ्याला देत राहणार."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. पहाटे तळ्यात उतरायचे, आजारी मासे बादलीत घ्यायचे आणि बांधामागे खड्ड्याकडे जायचे. मी खड्ड्यात चुना पाहायचो, चुन्याखाली मासे पाहायचो, आणि पुढच्या तळ्याकडे वळायचो. त्या दिवसांत मी झोपेतून उठून आधी पाण्याकडे धावायचो. हळूहळू चट्टे कमी झाले. मासे पुन्हा पेंडीला येऊ लागले. ज्या दिवशी आजारी मासा एकही सापडला नाही त्या दिवशी मी तात्यांना मिठी मारायला गेलो तर ते मागे सरकले. "आंगूळ झालीया माजी," म्हणाले. मला वाटलं, बांगड्याचा वास येत असेल.

तोवर सखारामाच्या गावतळ्याची अवस्था पाहवत नव्हती. मोठे मासे पाठी उघड्या पडतील इतक्या पाण्यात लोळत होते. अजून आठवडाभरात चिखल उरला असता. गावात खोल पाणी राहिलं होतं ते एकाच ठिकाणी, महादेवाच्या देवळामागच्या बारवेत. दगडी पायऱ्यांची ती जुनी विहीर. पाणी मचूळ, त्यामुळे प्यायला कोणी नेत नसे. देवाच्या पूजेला आणि गुरांना ते चालायचं. बारवेतले मासे देवाचे. नवस फेडायला कोणी सोडलेले, कोणाच्या आजोबाने सोडलेले, काळ्या पाठीचे, मांजराएवढे. त्यांना फुटाणे टाकायचे, पण कोणी गळ टाकायचा नाही, हा गावाचा रिवाज. सखारामाने पंचांपुढे पदर पसरला. पाऊस पडेतो माझे मासे बारवेत राहू द्या, देवाच्या माशांना धक्का लावणार नाही. पंचांनी हो म्हटलं. गुरवाने नारळ फोडायला सांगितला. एवढं मन मोठं केलेलं गाव मी पुन्हा पाहिलं नाही.

मासे हलवायच्या दिवशी तात्या बारवेच्या पायऱ्यांवर उभे होते. सखारामाची पहिली हंडी आली तशी ते पुढे झाले. "आठ दिस थांब, सखाराम."

"आठ दिसांत समदं वाळंल की, तात्या. का बरं थांबायचं?"

तात्या पाण्याकडे बघत राहिले. पाणी शांत होतं. एक मोठा मासा वर येऊन फुटाणा घेऊन गेला. "न्हाई, काय न्हाई," ते म्हणाले. "गारठा लई हाय म्हनून म्हनलं." आणि बाजूला झाले. सखारामाने मासे सोडले. त्याच्या बायकोने पाण्यावर हळद-कुंकू वाहिलं.

पंधरवडा गेला नसेल, सखाराम धावत केंद्रावर आला. मी बारवेवर गेलो आणि पहिल्या पायरीवरच बसलो. पाण्यावर सखारामाचे मासे पांढरी पोटं करून तरंगत होते. त्यांच्यात एक काळ्या पाठीचा देवाचा मासाही होता. मी जवळचा एक काठीने ओढून घेतला. तोच चट्टा, तेच उभे खवले, तीच खाल्लेली शेपटी. माझं डोकं चालेना. केंद्रातून एक थेंब पाणी बाहेर गेलं नव्हतं. गावतळ्यातले मासे हलवताना मी एकेक तपासला होता, धडधाकट होते. मग हा रोग इथे आला कुठून?

गावाला उत्तर लगेच सापडलं. भोयाने आणला. त्याच्या जाळ्याला विटाळ होता, त्याच्या हंड्या मळक्या होत्या, त्याच्या बायकोने कसल्या दिवशी पाण्याला हात लावला कोणास ठाऊक. दोन दिवसांत देवाचे आणखी मासे तरंगले आणि बोलणं वाढत गेलं. संध्याकाळी देवळाच्या पारावर गाव जमलं. सखाराम खाली जमिनीवर बसला होता, बायको पोरांना पोटाशी धरून त्याच्या मागे. मी रोग कसा पसरतो ते सांगायला गेलो तर एकाने मला गप्प केलं, "सायेब, रोग आनला कुनी त्ये सांगा." ते मला माहीत नव्हतं. ठरत असं आलं होतं की सखारामाच्या घरच्यांनी देवळाची पायरी चढायची नाही आणि गावतळंही सोडायचं.

तेव्हा तात्या उठले. ते पाराच्या कडेला बसले होते, माळकऱ्यांच्या नेहमीच्या जागी.

"सखारामाला बोल लावू नका," ते म्हणाले. "आजारी मासं म्या सोडलं हितं. केंद्रावरचं. बादलीनं आनून."

मग एक म्हातारा हसून म्हणाला, "बसा तात्या. भोयाला वाचवायला कायबी बोलताय."

मला हे आजही आठवलं की कसंतरी होतं. तात्यांचं नाव इतकं चांगलं होतं की त्यांचा गुन्हा कोणी मान्य करेना. दोघातिघांनी त्यांचा हात धरून त्यांना बसवायला पाहिलं. शेवटी त्यांनी गळ्यातली माळ हातात धरली. "माळंला हात लावून सांगतो. सायेबांनी पुरायला सांगितलं हुतं. मेल्याली पुरली. जी जित्ती हुती त्यांच्यावर चुना टाकवंना. तोंड उगडमीट करत्यात वं ती. म्हनलं, देवाच्या पान्यात सोडावी, देव बरी करील. रोज बगायला येत हुतो. फिरत हुती चांगली. वाटलं, केली बरी."

मला संताप आला होता. रोज सकाळी मी चुन्याखाली मासे पाहत होतो आणि ते मोजकेच आहेत हे मला कळलं नव्हतं. या माणसाने दयेपोटी सगळ्या गावच्या पाण्यात रोग नेऊन सोडला होता. काही मासे अंगात रोग घेऊनही बरे दिसतात, फिरतात, खातात आणि दुसऱ्यांना देत राहतात, हे मी तिथेच ओरडून सांगितलं. तात्यांनी ते मान खाली घालून ऐकलं.

सखाराम मात्र ओरडला नाही. तो उठून तात्यांसमोर आला. "तात्या, त्या दिशी तुमी थांब म्हनाला. का थांब त्ये सांगायचं हुतं. येवढंच सांगायचं हुतं."

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "भ्यालो," ते म्हणाले. "वाटलं, बरी झाली असतील तर कशाला सांगा."

सखारामाचं नाव सुटलं, पण मासे सुटले नाहीत. बारव पावसात भरली की तिचं पाणी ओढ्याला जातं, ओढा पुढे नदीला. जिवंत उरलेले सगळे मासे काढून मारायचे, बारव उपसायची आणि चुन्याने धुवायची, याला इलाज नव्हता. गावातला एकही माणूस देवाच्या माशाला हात लावायला तयार होईना. सखारामाला विचारलं. "आमी भोई हाओत, पन देवाचं मासं आमच्या बापानंबी मारलं न्हाई," म्हणाला. मी म्हटलं, मी करतो. मला ते नुसते मासेच होते. मी दांडकं घेऊन पायऱ्या उतरायला लागलो तर वरून तात्यांचा आवाज आला. "तुमी नगा. तुमी मारून काय फिटंल त्यात?"

ते आले. गुरवासमोर उभे राहिले, दोन्ही हातांनी माळ डोक्यावरून काढली आणि त्याच्या तबकात ठेवली. गुरव मागे सरकला. गोदामावशींनी तोंडावर पदर ओढला आणि त्या घराकडे चालू लागल्या. एकदाही त्यांनी मागे पाहिलं नाही.

"कसं करत्यात त्ये दावा, सायेब."

मी दाखवलं. डोक्यावर, डोळ्यांच्या मागे, एकच घाव, म्हणजे त्याला त्रास होत नाही. पहिल्याला त्यांचा हात चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. मग चुकला नाही. मी आणि सखाराम जाळ्याने काढत होतो, ते पायरीवर बसून मारत होते. एरवी श्वासागणिक राम कृष्ण हरी म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी देवाचं नाव तोंडाबाहेर काढलं नाही. सखारामाचे हातभर मासे, देवाचे काळ्या पाठीचे मासे, सगळे एका ढिगात. दुपार कलली तेव्हा बारवेत फक्त गढूळ पाणी राहिलं. तात्यांनी हात धुतले आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाळनारा येगळा, मारनारा येगळा म्हनत हुतो न्हवं? दोन्ही मीच निगालो."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांच्या अंगाला माशांचा वास येत होता आणि ते आंघोळीला उठत नव्हते.

सखारामाने कोयता काढला. हंगाम अर्धा उलटला होता, पण टोळीत कोणी ना कोणी आजारी पडतं, पळून जातं, मध्येच माणूस लागतोच. बायको, पोरं, बैलगाडीवर भांडी. थोरल्याची पाटी बायकोने कणगीत ठेवली. गाडी निघायच्या वेळी तात्या घोंगडं खांद्यावर टाकून आले आणि गाडीमागे चालायला लागले. आदल्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर केंद्राच्या किल्ल्या ठेवल्या होत्या. मी खूप समजावलं. साहेबांनी काही लिहिलेलं नाही, नोकरी जाणार नाही, माणसाच्या हातून चूक होते, या वयात ऊस कसा तोडणार. "मोळ्या बांदीन," एवढंच ते म्हणाले. गोदामावशी भावाकडे सुप्याला गेल्या. सखारामाने तात्यांना या म्हटलं नाही, येऊ नका म्हटलं नाही. बैल हाकले. मी फाट्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो आणि मला रडू आलं. पाण्यातल्या माणसाला ऑफिस विचारलं होतं त्या दिवसापासून माझ्याशी इतकं भांडलेलं दुसरं कोणी नव्हतं.

पुढे उन्हं तापू लागली तेव्हा मला कामानिमित्त राहुरीच्या बाजूला जावं लागलं. चौकशी करत करत टोळीच्या मुक्कामावर पोचलो. पाचटाच्या टोकदार झोपड्या, त्यांना कोप्या म्हणतात, धूर, बैलांच्या शेणाचा वास. दुपारच्या भाकरीची वेळ होती. तात्या दिसले. काळवंडले होते, हातांवर उसाच्या पात्यांनी कापल्याच्या रेघा. मला पाहून उठले. "सायेब! घरला समदी बरी हायेत न्हवं?" मी हसलो. त्यांनी केंद्राची चौकशी केली, पेंड वेळेवर येते का विचारलं, आणि मोळ्या राहिल्यात म्हणून फडाकडे गेले. गळा रिकामाच होता.

मी सखारामाच्या कोपीपुढे बसलो. जेवताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती आणि ती मला खुपत होती. तात्यांनी सखारामाकडे पाण्याचा तांब्या सरकवला तर त्याने तो मान वर न करता घेतला. ते काही बोलले तर हा दुसरीकडे बघून हूं म्हणाला. म्हाताऱ्या माणसाने किती भोगायचं? मी सरळ विषयाला हात घातला.

"सखाराम, झालं ते झालं. तू त्यांना एकदा म्हण, तात्या, माझं तुमच्याकडे काही नाही. म्हणजे ते घरी जातील. मावशी वाट बघताहेत."

"म्हनलो की," सखाराम म्हणाला. "पयल्याच हप्त्यात म्हनलो, पन तवा नुसतं तोंडानं, राग पोटातच हुता. गेलं बी. सुप्याला गेलं, पिंपळदऱ्याला गेलं, चार दिसांनी माघारी आलं."

"का?"

सखारामाने फडाकडे पाहिलं. लांबवर तात्या वाकून मोळी आवळत होते. तो त्यांच्याकडे बघतोय हे त्यांना दिसण्यासारखं नव्हतं.

"तात्या म्हनलं, सखाराम, थितं समदी 'या तात्या, बसा तात्या' करत्यात. गुरव माळ घिऊन दारात आला. कुनी कायबी बोलत न्हाई. मला थितं श्वास घ्येता येत न्हाई. तू तेवढा माज्याकडं बगत न्हाईस. मला हितंच ऱ्हाऊ दे." त्याने हातातली भाकरी खाली ठेवली. "माजा राग कवाच ग्येला, सायेब. पन ग्येला हे त्यांना कळलं, तर ते कुटं जातील? म्हनून न्हाई बगत मी. लई जड जातं, पन न्हाई बगत."